गळ घेऊन विमानात!

मराठी भाषेने गळाला मोठाच मान दिला आहे. आपण एकमेकांना गळ घालतो, एखादे बडे गिऱ्हाईक कुणाच्या गळाला लागते, तर कुणी नुसताच गळ टाकून बसतो. पण खराखुरा, पोलादी, टोकाशी उलटा काटा असलेला गळ घेऊन विमानात बसायचे म्हटले तर काय होईल, याचा विचार आपल्यापैकी फारच थोड्यांनी केला असेल. माझ्यावर ती वेळ आली ती माझ्या भाच्यामुळे.

हा भाचा अमेरिकेत सिअ‍ॅटलला नोकरीला असतो. दर उन्हाळ्यात रजा काढून तो विमानाने अलास्कातल्या अँकरेजला जातो, तो सॅमन मासे धरायला! बरोबर काठी, फिरकी, दोरा, गळ, पक्कड, मासे साफ करायची सुरी, असा सगळा संसार असतो. “मामा, मासा धरण्यापेक्षा ही बॅग भरायलाच जास्त डोके लागते,” असे तो मला नेहमी सांगतो.

डोके लागते ते का, हे पाहण्यासारखे आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत एकोणीस जणांनी चार विमाने पळवली. त्यांच्याजवळ बंदुका नव्हत्या. होते ते लहानसहान चाकू-पात्यांसारखे साहित्य. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिथे विमानतळांच्या तपासणीसाठी नवे सरकारी खाते उघडले गेले. तेव्हापासून प्रत्येक टोकदार वस्तूकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, यात नवल ते काय!

तरीही हे नियम आंधळे नाहीत बरे का! मासे धरायची काठी हातात नेता येते. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या चिमुकल्या खोट्या माश्याही चालतात. पक्कड सात इंचांपर्यंत चालते. सुरी आणि मोठे गळ मात्र विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेतच हवेत. उलट, जादा लिथियम बॅटरी पोटात ठेवायची नाही, जवळच बाळगायची. कारण तिने पेट घेतलाच, तर माणसांच्या डोळ्यांदेखत आग विझवता येते. अलास्कात अस्वलांसाठी जो झोंबरा फवारा बाळगतात, त्याला तर वरही जागा नाही आणि खालीही नाही! परतताना मासळीबरोबर गोठवलेल्या पिशव्या हातात घेतल्या, तर तपासणीपाशी त्या दगडासारख्या घट्ट असाव्या लागतात. वितळून पाणी सुटले की परवानगीही वितळली!

शिवाय विमान कंपनीची मोजपट्टी निराळी. नऊ फुटी काठीचे चार तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा सव्वादोन फुटांहून अधिक भरतो. तेव्हा कंपनीला आधी विचारलेले बरे. आपल्याकडे तर क्रिकेटची बॅट आणि हॉकीची काठीदेखील केबिनमध्ये नेता येत नाही. मग मासे धरायची काठी मुकाट्याने खाली दिलेली काय वाईट? आणि अमेरिकेतही छापील नियम काहीही म्हणोत, शेवटचा शब्द समोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचाच असतो.

म्हणूनच काय कुठे ठेवायचे, याचा निवाडा घरीच झाला पाहिजे. भाच्याजवळ एक जुनी पितळी फिरकी आहे. ती त्याच्या वडिलांची. माझे हे मेव्हणे रविवार उजाडला की पवईच्या तलावावर जाऊन बसत. आता ते नाहीत. खाली दिलेली बॅग कधी चुकून भलत्याच गावी जाते, हे आपण जाणतोच. फिरकीने कुणाला इजा होत नाही आणि ती जवळ ठेवायला मनाई नाही. तेव्हा ती भाच्याच्या मांडीवरच्या पिशवीतून प्रवास करते. जे हरवले तर पुन्हा मिळणार नाही ते जवळ, आणि जे दुसऱ्याला टोचेल ते खाली, असा त्याचा साधा हिशेब आहे.

पण खाली दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली असे मात्र नाही. गळाचा उलटा काटा बोटात शिरतो क्षणात. बाहेर यायला मात्र मांस फाडू पाहतो. बंद बॅग तपासायला कुणीतरी उघडतो, आत हात घालतो. तो माणूस आपल्याला कधी दिसत नाही. त्याच्यासाठीच गळ झाकून, नीट गुंडाळून ठेवण्याचा नियम आहे. भाचा प्रत्येक गळाचे टोक बुचात खोचतो, सगळे गळ पत्र्याच्या डबीत घालतो आणि डबीवर ठळक अक्षरांत ‘आत गळ आहेत’ असे लिहितो.

आपल्या आज्या शिवणे आटोपले की सुई दोऱ्याच्या रिळात खोचून ठेवत. घरात कुणाचा तरी हात त्या डब्यात जाणार, हे त्यांना पक्के ठाऊक असे. विमानतळावरही तेवढेच लक्षात ठेवायचे. फरक इतकाच, की इथला हात आपल्या घरातला नसतो!