जुन्या संगणकाला जोड-हार्ड डिस्क : पेटी मोठी, पण टेबल तेवढेच

आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या घरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला एखादा डेस्कटॉप संगणक आजही आहे. हप्ते फेडून घेतलेल्या त्या संगणकावर दहावी-बारावीचे प्रकल्प तयार झाले, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले गेले, दाखल्यांच्या व गुणपत्रिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती साठल्या. घरातील लग्नकार्यांची आणि आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांची छायाचित्रेही त्यातच राहिली. आता तो संगणक रेंगाळतो, ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश देतो, आणि कोणीतरी सल्ला देते की मोठी हार्ड डिस्क बसवा, म्हणजे तो नव्यासारखा चालेल. या सल्ल्यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे समजून न घेतल्यास पैसे खर्च होतात आणि संगणक होता तसाच राहतो. म्हणून हा विषय येथे क्रमाने मांडत आहे.

पेटी आणि टेबल

संगणकाच्या बाबतीत ‘मेमरी’ हा शब्द बोलताना दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. ज्यांनी वसतिगृहात वर्षे काढली त्यांना हा भेद सहज कळेल. प्रत्येकाच्या खाटेखाली पत्र्याची पेटी असे. सगळी वह्या-पुस्तके, कपडे तीत राहत. अभ्यासाच्या वेळी मात्र त्यातील दोन-तीन पुस्तकेच काढून टेबलावर मांडली जात. हार्ड डिस्क म्हणजे ती पेटी. वीज गेली तरी तिच्यातील वस्तू जागच्या जागी राहतात. रॅम म्हणजे ते टेबल. संगणक प्रत्यक्ष काम करतो ते तेथे. आणि संगणक बंद होताच ते टेबल रिकामे होते.

टेबल लहान असेल तर काय होते? तिसरे पुस्तक उघडायचे तर पहिले उचलून पेटीत ठेवावे लागते, आणि पुन्हा पहिले हवे झाले की वाकून पेटी उघडावी लागते. संगणकही हेच करतो. रॅम अपुरी पडली की तो हार्ड डिस्कचा काही भाग टेबलाची पुरवणी म्हणून वापरतो. विंडोजमध्ये या राखीव भागाला पेज फाइल म्हणतात. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क रॅमच्या तुलनेत अतिशय मंद असल्याने ही ने-आण सुरू झाली की संगणक अडखळू लागतो. पेटी कितीही मोठी आणली तरी टेबल वाढत नाही. जुन्या संगणकात आणखी एक साधी हार्ड डिस्क बसवून त्याचा वेग सहसा का वाढत नाही, याचे उत्तर एवढेच आहे.

आधी निदान, मग उपचार

तेव्हा प्रथम कमतरता कशाची आहे ते पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात मेमरीचा वापर दिसतो. नेहमीची कामे चालू असताना तो आकडा सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर टेबल अपुरे आहे. अशा वेळी मदरबोर्डवर मोकळी खाच असल्यास रॅम वाढवणे हा खरा उपाय होय. मात्र डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या पिढ्यांच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, म्हणून दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी. तसेच ३२-बिट विंडोज असल्यास ४ जीबीच्या पुढील रॅमचा लाभ होत नाही.

याउलट, मेमरीचा वापर बेताचा आहे आणि सी ड्राइव्ह मात्र काठोकाठ भरला आहे, असे दिसले तर पेटी अपुरी आहे. पेज फाइलला आणि तात्पुरत्या फायलींना मोकळी जागा लागते. ती न मिळाल्यासही संगणक मंदावतो. येथे दुसरी हार्ड डिस्क उपयोगी पडते. छायाचित्रे, चित्रफिती आणि कागदपत्रे तिच्यावर हलवली की मूळ डिस्क मोकळी होते.

जुन्या यंत्राच्या मर्यादा

नवी डिस्क घेताना जुना संगणक ती ओळखेल की नाही, हे तपासणे आवश्यक आहे. हार्ड डिस्कवरील जागा परंपरेने ५१२ बाइटच्या कप्प्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. एके काळी हा क्रमांक २८ बिटांत लिहिला जाई. त्यामुळे सुमारे १३७ जीबीच्या पलीकडील कप्प्यांना क्रमांकच देता येत नसे. पुढे ४८ बिटांची पद्धत आली आणि ही अडचण दूर झाली. विंडोज एक्सपीला तिचा आधार सर्व्हिस पॅक १ पासून मिळाला. दुसरी मर्यादा एमबीआर या विभागणी-पद्धतीची. तीत ३२ बिटांचे क्रमांक असल्याने सुमारे २.२ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते. यास्तव जुन्या संगणकासाठी २ टीबी किंवा त्याहून लहान डिस्क घेणे सोयीचे. १ टीबीच्या डिस्कवर संगणक ९३१ जीबी दाखवतो, त्यात फसवणूक नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

जोडणीचेही दोन प्रकार आहेत. फार जुन्या संगणकात रुंद, चपटी, ४० टाचण्यांची आयडीई केबल असते. एका केबलवर दोन डिस्क लावताना लहानशा जंपरच्या साहाय्याने एक मास्टर व दुसरी स्लेव्ह ठरवावी लागते. त्यानंतरच्या संगणकांत अरुंद साटा केबल आली. तिच्यात एका केबलला एकच डिस्क, म्हणून जंपरची कटकट नाही. कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर मोकळे साटा पोर्ट आणि एसएमपीएसला साटाची मोकळी वीज-जोडणी आहे का, हे आधी पाहावे.

प्रत्यक्ष कृती

सर्वप्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा अन्यत्र घ्यावी. संगणक बंद करून प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा. डिस्क तिच्या खणात सरकवून दोन्ही बाजूंनी स्क्रूने घट्ट करावी, कारण सैल डिस्क थरथरते. मग डेटा केबल आणि वीज-केबल जोडावी. दोन्हींची टोके एकाच बाजूने बसतात, जोर करू नये.

संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून बायोसमध्ये नवी डिस्क दिसते का ते पाहावे. तेथे दिसली तरी विंडोजमध्ये ती लगेच दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिची विभागणी आणि फॉरमॅट करावे लागते. पद्धत एनटीएफएस निवडावी, कारण फॅट-३२ मध्ये ४ जीबी वा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. या टप्प्यावर सर्वाधिक सावधगिरी हवी. नवी समजून जुन्या डिस्कचे फॉरमॅट केल्यास वर्षांचा संग्रह क्षणात जातो. म्हणून आकारावरून डिस्क दोनदा ओळखून मगच पुढे जावे. कॅबिनेट उघडण्याचा आत्मविश्वास नसल्यास यूएसबीने जोडायची बाह्य हार्ड डिस्क हा सोपा पर्याय आहे.

खर्च एकदाच करायचा असेल आणि साटा पोर्ट उपलब्ध असेल, तर एसएसडीचा विचार अवश्य करावा. तिच्यात फिरणारा भाग नसतो. विंडोज तिच्यावर बसवून जुनी डिस्क केवळ साठवणुकीसाठी ठेवल्यास, रॅम कमी असलेला संगणकही ठळकपणे सुधारतो, कारण टेबल आणि पेटी यांमधील ने-आणच जलद होते. टेबल मात्र तेव्हाही तेवढेच राहते.

दुसऱ्या डिस्कचे खरे मोल

फिरत्या डिस्कमधील तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांना न टेकता अत्यंत सूक्ष्म अंतरावरून सरकत असते. असे यंत्र वर्षानुवर्षे चालते, हेच विशेष. ते कधीतरी थांबणार हे निश्चित आहे. टकटक असा आवाज येणे, फाइल उघडण्यास अकारण विलंब होणे ही त्याची पूर्वचिन्हे होत. म्हणून नव्या डिस्कवर फायली हलवून जुनीवरून पुसून टाकण्याची घाई करू नये. ज्या गोष्टी पुन्हा मिळणार नाहीत, त्या दोन्हीकडे असाव्यात. दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये असल्याने विजेच्या झटक्यात दोन्ही एकदम जाऊ शकतात. यास्तव तिसरी प्रत घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर ठेवावी.

गुणपत्रिकेची दुय्यम प्रत अर्ज करून, खेटे घालून का होईना, पुन्हा मिळवता येते. आजीचे एकुलते एक छायाचित्र कोणत्याही कार्यालयातून मिळत नाही. जुन्या संगणकाला हार्ड डिस्क जोडण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी वेगासाठी रॅम किंवा एसएसडीकडे पाहावे, जागेसाठी हार्ड डिस्ककडे पाहावे. आणि ती बसवल्यावर पहिले काम म्हणून अशा छायाचित्रांची दुसरी प्रत तिच्यावर उतरवावी.