नवी कोरी बिल्डिंग

कॅम्पसमध्ये नोकरी लागली की पहिला प्रश्न असतो पार्टी कुठे, आणि दुसरा, पुण्यात राहायचं कुठे. दोन वर्षांपूर्वी होस्टेल सोडताना आम्हा चौघांचं ठरलं होतं, राहायचं तर नव्या बिल्डिंगमध्ये! मेसच्या वासाचे कपडे आणि गळके नळ चार वर्षं भोगल्यावर एवढी हौस असणारच.

वाकडला एक टू बीएचके मिळाला. भाडं चोवीस हजार, डिपॉझिट बहात्तर. कोऱ्या फरश्या, चकचकीत लिफ्ट. आठवडाभरात कळलं की पाणी टँकरचं आहे, आणि अर्ध्या बिल्डिंगला अजून भोगवटा प्रमाणपत्रच नाही.

आता हे काय प्रकरण? इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहण्यालायक आहे असं महापालिका (हद्दीबाहेर पीएमआरडीए) लिहून देते, तो हा कागद. त्याशिवाय ताबा देऊही नये आणि घेऊही नये, असं महाराष्ट्राचा १९६३ चा फ्लॅट मालकीचा कायदा सांगतो. पुष्कळदा प्रमाणपत्र एखाद्या विंगपुरतं किंवा काही मजल्यांपुरतंच मिळालेलं असतं. तेव्हा 'ओसी आलंय' एवढ्यावर खूश होऊ नका, आपला मजला त्यात आहे का ते बघा. २०१७ पासून महारेराच्या साईटवर प्रकल्पाचं नाव टाकलं की बरीच कागदपत्रं घरबसल्या दिसतात. आम्ही बघितली नव्हती. आम्ही बाल्कनी बघितली.

पुढचा धडा पावसाळ्यात. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: काँक्रीट आणि प्लॅस्टरमध्ये घातलेलं सगळं पाणी सिमेंट वापरत नाही. उरलेलं हळूहळू, कित्येक महिने बाहेर पडत राहतं आणि येताना क्षार घेऊन येतं. भिंतीवर पांढरा खार फुटतो तो हाच. बिल्डरने घाईने रंग मारला असेल तर पापुद्रे सुटतात. त्यात खिडकीच्या चौकटीपासून ओल आली की झालंच. जुलैत आमच्या बेडरूमची भिंत काळी पडली. म्हणून माझं मत, एक पावसाळा काढलेली बिल्डिंग नव्यापेक्षा बरी.

खरी गंमत फ्लॅट सोडताना झाली. मालक काका म्हणाले, "रंगाचे तीस हजार कापणार." भिंत आम्ही थोडीच ओली केली होती! करार बघितला तर त्यात रंगाचा उल्लेखच नाही, आणि नोंदणीही नाही. एजंट म्हणाला होता, "अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला?" ही समजूत सगळीकडे आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, तिथून ती आली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींबद्दल वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत!

हे माझ्या वकील मावसबहिणीने सांगितलं. काकांना कलम वाचून दाखवल्यावर ते दोन दिवस गप्प होते, मग सहा हजार कापून बाकीचे परत दिले. ते सहाही द्यायला नको होते असं आमच्यातला एकजण अजून म्हणतो.

नोंदणीला खर्च तरी किती? अकरा महिन्यांचं भाडं, अधिक डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के वार्षिक व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. आमच्या हिशोबाने सातशेच्या आसपास, वर महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. चौघांत वाटले तर माणशी सव्वाचारशे. एजंट घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, त्याचे पैसे वेगळे.

आणि हो, सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. आम्ही काढले होते, पण सगळ्या फोटोंत भिंतीपुढे आम्हीच उभे!