ग्लुकोज तेच, जोडणी वेगळी

कापसाचा तंतू आणि ताटातला भात, दोन्हींचा मुख्य घटक एकच: ग्लुकोज. तरी भात पचतो आणि कापूस पचत नाही. कर्बोदकं समजून घ्यायला मला हीच जोडी सगळ्यात चांगली वाटते, कारण पदार्थ कशाचा बनला यापेक्षा तो कसा जोडला गेला, याला इथे जास्त महत्त्व आहे.

ग्लुकोज हा सहा कार्बन अणूंचा लहान रेणू. गोड, पाण्यात सहज विरघळणारा, आतड्यातून थेट रक्तात जाणारा. फ्रुक्टोजमध्ये अणू तेच आणि तितकेच, फक्त मांडणी निराळी; पण गोडी कितीतरी जास्त. हे दोघे जोडले गेले की उसातली साखर होते. ग्लुकोजला गॅलॅक्टोज जोडलं गेलं तर दुधातलं लॅक्टोज. ते साखरेपेक्षा बरंच कमी गोड.

शेकडो-हजारो ग्लुकोज एकमेकांना जोडले गेले की गोडी संपते आणि स्टार्च तयार होतो. त्यात दोन प्रकारच्या साखळ्या असतात. अमायलोजची साखळी जवळजवळ सरळसोट, मळसूत्रासारखी वळलेली. अमायलोपेक्टिनला मात्र साधारण दर पंचवीस-तीस ग्लुकोजनंतर फांदी फुटते. तांदूळ शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट. आसामच्या बोरा तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच. भात गार झाला की अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि दाणा ताठ होतो. फोडणीच्या भाताला शिळाच भात लागतो, त्यामागे हे कारण आहे. अशा बिलगलेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचतही नाही.

आपलं शरीर ग्लुकोज साठवतं ते ग्लायकोजेनच्या रूपात. त्याला फांद्या आणखी दाट, दर आठ-बारा ग्लुकोजनंतर. विकरं टोकाकडून ग्लुकोज सोडवतात. टोकं जितकी जास्त, तितकी सुटका जलद. धावायची वेळ आली की स्नायूंना ही घाई परवडते ती त्यामुळेच.

आता कापूस. त्यातल्या सेल्युलोजमध्ये प्रत्येक दुसरा ग्लुकोज उलटा बसलेला असतो. एवढ्याने साखळी वळत नाही, सरळ राहते. शेजारच्या सरळ साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात आणि पाण्यात न विरघळणारा मजबूत तंतू तयार होतो. आपल्या लाळेतलं अमायलेज स्टार्चची जोडणी तोडतं. ही उलटी जोडणी तोडणारं विकर माणसाकडे नाही.

ते गाईकडेही नाही. कडबा पचवतात ते तिच्या पोटातले सूक्ष्मजीव. त्यातून सुटलेलं ग्लुकोजही बहुतेक तेच वापरून टाकतात आणि गाईला मिळतात ती लहान आम्लं. त्यांपैकी प्रोपिऑनिक आम्लापासून तिचं यकृत नव्याने ग्लुकोज घडवतं, आणि दुधातलं लॅक्टोज त्यातूनच बनतं.