बाळगोळी, टर्की आणि आरोपी आई

‘बाळगोळी’ हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी आजीच्या तोंडून ऐकला. तिची आई मुंबईतल्या एका गिरणीत रीलिंग खात्यात होती. विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव असे. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याने सवर्ण कामगारांना विटाळ होई. आजी जन्मली आणि महिनाभरात पणजी कामावर हजर झाली. गिरणीत पाळणाघर नव्हते. चाळीच्या खोलीत बाळाला सांभाळायला थोरली बहीण, तीही सहा वर्षांची. म्हणून पहाटेचा भोंगा होण्याआधी मोहरीएवढी गोळी अंगावरच्या दुधात कालवून बाळाला चाटवली जाई. गोळी अफूची. बाळ दुपारपर्यंत निपचित पडून राही. आजी आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. ती आजही म्हणते, “आम्ही अफूवर वाढलो.” तिची दोन भावंडे वाढली नाहीत. ती कशाने गेली, हे कुणी डॉक्टरने सांगितले नाही. पणजीने मात्र ती दोन्ही मरणे आयुष्यभर स्वतःच्या माथी घेतली.

ही एका घराची कहाणी नव्हे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, कामगार स्त्रिया तान्ह्या मुलांना अफू देतात याची नोंद केलेली आहे. अफूने बाळ झोपते, झोपलेले बाळ दूध मागत नाही, न मागणारे बाळ खंगते. आणि मात्रा थोडी चुकली की श्वासच मंदावतो. हे त्या बायांना कळत नव्हते असे समजणे म्हणजे त्यांना ओळखलेच नाही असे म्हणावे लागेल. त्यांच्यापुढे निवड होती ती रोजगार आणि रडणारे बाळ यांमधली.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी तेव्हाही होत्या. एक म्हणे, ही बाई अडाणी आहे, तिला स्वच्छता शिकवा, समज द्या. दुसरी दृष्टी बाबासाहेबांची. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून त्याचा भार सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही उचलावा. १९२९ साली तो कायदा झाला. बाळाचा जीव आईच्या मजुरीशी आणि विश्रांतीशी बांधलेला आहे, हे त्यामागचे सूत्र होय. अमली द्रव्यांच्या छायेत जन्मणाऱ्या बाळांविषयी जगभर जो वाद पन्नास वर्षे चालला, त्याचा निकाल याच सूत्राच्या बाजूने लागला आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी शरीरातला व्यवहार समजून घेऊ. बाळगोळी जन्मानंतर पोटात जाई. पण आई गरोदरपणात अफू, गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, किंवा त्याच जातीच्या वेदनाशामक गोळ्या घेत असेल, तर ते द्रव्य वारेतून बाळाच्या रक्तात जाते. बाळाचे शरीर त्याला सरावते. जन्मल्यावर नाळ कापली जाते आणि तो पुरवठा एका क्षणात बंद पडतो. मग बाळाला तेच होते ज्याला गर्दुल्ले ‘टर्की’ म्हणतात. गर्द घेणाऱ्या आईच्या बाळात हे बहुधा पहिल्या एकदोन दिवसांत दिसते. मेथाडोनसारखे दीर्घकाळ टिकणारे औषध असेल तर दोनतीन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. म्हणून अशा बाळाला पहिल्याच दिवशी घरी पाठवू नये; चार ते सात दिवस नजरेखाली ठेवावे.

लक्षणे अशी: किंचाळल्यासारखे, उंच पट्टीतले रडणे, हातपाय थरथरणे, अंग ताठरणे, सतत शिंका आणि जांभया, घाम, थोडा ताप, पातळ शी, मूठ अधाशासारखी चोखणे आणि तरीही दूध नीट न ओढता येणे. अशा बाळाला ‘व्यसनी बाळ’ म्हणण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. व्यसनात ओढ असते, शोध असतो. बाळाचे शरीर केवळ सरावलेले असते. काळजी घेतली तर ही टर्की काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरते. बाळाला चिकटवलेले नाव तेवढ्या लवकर उतरत नाही.

आता उपचार. १९७५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉ. लोरेटा फिनेगन यांनी या लक्षणांचे एक गुणपत्रक तयार केले. दर तीनचार तासांनी बाळाला तपासायचे, वीसएक लक्षणांना गुण द्यायचे आणि बेरीज ठरावीक आकड्यापुढे सतत राहिली की मॉर्फिनचे थेंब सुरू करायचे. जिथे कसलेच मोजमाप नव्हते तिथे हे मोठे पाऊल होते. पण व्यवहारात एक गोष्ट घडली. गुण मोजायचे म्हणून बाळ आईपासून उचलून अतिदक्षता कक्षात जाऊ लागले. तिथे दिवे, यंत्रांचे आवाज, झोपलेले बाळ तपासणीसाठी उठवणे. उठवलेले बाळ रडे, रडल्याचे गुण पडत, गुण पडले की औषध वाढे.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या न्यू हेवन येथील बालरुग्णालयात डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा क्रम उलटा केला. त्यांनी तीनच प्रश्न ठेवले. बाळ पुरेसे दूध पिते का? एका दमात तासभर झोपते का? रडू लागले तर दहा मिनिटांत शांत होते का? होत असेल तर बाळ ठीक आहे, मग ते कितीही शिंको. होत नसेल तर आधी आईला बोलवा: मंद उजेड, दुपट्यात घट्ट गुंडाळणे, उघड्या छातीशी धरणे, थोडे थोडे पण वारंवार पाजणे. एवढे करून भागले नाही तरच मॉर्फिन. २०१७ साली त्यांनी आपले आकडे प्रसिद्ध केले. बाळांचा रुग्णालयातला सरासरी मुक्काम २२.४ दिवसांवरून ५.९ दिवसांवर आला. मॉर्फिन द्यावे लागणाऱ्या बाळांचे प्रमाण ९८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर उतरले. पुढे २६ रुग्णालयांतील १,३०५ बाळांवर मोठी चाचणी झाली. २०२३ साली तिचा निष्कर्ष आला: जुन्या पद्धतीत बाळ घरी जाण्याजोगे व्हायला १४.९ दिवस लागत, नव्या पद्धतीत ८.२.

ज्या आईला कालपर्यंत भेटीच्या वेळेत काचेबाहेर उभे केले जाई, तीच या उपचारातले पहिले औषध ठरली.

मात्र आईने बाळापाशी बसावे तर तिचीही टर्की सांभाळली पाहिजे. गरोदर बाईला ‘आजपासून बंद’ असा दम देणे धोक्याचे असते. एकदम तोडले तर ती पुन्हा रस्त्यावरच्या मालाकडे वळण्याची आणि मात्रा चुकून जीव जाण्याची भीती असते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देतात. अशा उपचारावर स्थिर असलेली आई, दुसरे काही घेत नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर बाळाला अंगावर पाजू शकते. त्याने बाळाची लक्षणे सौम्य होतात. दारूची गोष्ट वेगळी. गर्भातल्या दारूने बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते आणि तिला असा उतारा नाही. हे लपवण्यात कुणाचे भले नाही.

येथवर वैद्यकाचे झाले. पण आईला बाळापासून तोडण्याची घाई आली कुठून? याचे उत्तर अमेरिकेतल्या काळ्या मातांच्या इतिहासात आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. त्या नात्याने हा इतिहास आपणही वाचला पाहिजे.

१९८०च्या दशकात तेथील गरीब काळ्या वस्त्यांत ‘क्रॅक’ हे कोकेनचे स्वस्त रूप पसरले. १९८६च्या कायद्याने क्रॅक आणि श्रीमंतांची कोकेन पावडर यांच्या शिक्षेत एकास शंभर असे प्रमाण ठेवले. २०१० साली ते एकास अठरा झाले, बरोबरीचे झाले नाही. त्याच काळात ‘क्रॅक बेबी’ हा शब्द वर्तमानपत्रांतून गाजू लागला. ही मुले बुद्धीने अधू राहणार, समाजाला भार होणार, असे भाकीत झाले. त्याचा पाया म्हणजे १९८५ साली डॉ. आयरा चॅसनॉफ यांनी प्रसिद्ध केलेली अवघ्या २३ स्त्रियांची पाहणी. त्याच चॅसनॉफ यांनी १९९० साली फ्लोरिडातील एका जिल्ह्याचे आकडे दिले. गरोदरपणात द्रव्ये घेणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्या आणि काळ्या स्त्रियांत जवळपास सारखे होते. अधिकाऱ्यांकडे नाव कळवले जाण्याचे प्रमाण मात्र काळ्या स्त्रियांचे सुमारे दहापट. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे १९८९ पासून सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांची लघवी त्यांच्या संमतीशिवाय तपासून निकाल पोलिसांच्या हाती जाऊ लागले. अटक झालेल्या ३० स्त्रियांपैकी २९ काळ्या होत्या. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी तपासणी घटनाबाह्य ठरवली.

आणि त्या भाकिताचे काय झाले? फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी १९८९ ते १९९२ या काळात जन्मलेली २२४ मुले वीसेक वर्षे तपासली. निम्म्यांच्या माता कोकेन घेणाऱ्या, निम्म्यांच्या न घेणाऱ्या. जवळजवळ सगळी मुले गरीब आणि काळी. चौथ्या वर्षी बुद्ध्यांक पाहिला तर एका गटाचा ७९, दुसऱ्याचा ८२ च्या आसपास. दोन्ही गट देशाच्या सरासरीखाली, पण आपापसांत फरक नगण्य. सातव्या वर्षापर्यंत यांतील ८१ टक्के मुलांनी कुणाला तरी अटक होताना पाहिले होते, ७४ टक्क्यांनी गोळीबाराचा आवाज ऐकला होता. कोकेन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. त्याने वार अवेळी सुटते, बाळ अपुऱ्या दिवसांचे होते. पण मुलांना मागे खेचणाऱ्या शक्तीचे नाव दारिद्र्य होते, आणि चौकशी मात्र आईची चालली होती.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडे गर्द आहे, पण आपल्या वस्तीतल्या गरोदर बाईच्या हाती बहुधा असते ती मशेरी. भाजलेली तंबाखू, दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चारपाच वेळा लागते. भूक मरते, पोट साफ होते, असे बाया सांगतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या पाहणीत, मशेरीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. मुळात दोन-अडीच किलोच्या बाळाला एवढे ग्रॅम स्वस्त नाहीत.

माझ्या वहिनीचे पहिले बाळ दोन किलोचे झाले. रुग्णालयात तिचे काळे दात पाहून एक सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, “तुम्हा लोकांना सांगून काय उपयोग?” ‘तुम्हा लोकांना’ या दोन शब्दांचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. मला राग आला. पण घरी आल्यावर मीही, घरातली पहिली पदवीधर, वहिनीला तेच ऐकवले. भाषा तेवढी सुशिक्षित होती. दुसऱ्या वेळी वहिनीने मशेरी लपवली आणि सातव्या महिन्यापर्यंत तपासणीला गेली नाही. का, विचारल्यावर म्हणाली, “ताई, तिथं गेलं की आधी तोंड उघडायला लावतात.” त्या उत्तराने माझ्या समाजशास्त्राच्या वर्गात मी जे शिकवत होते ते मला पहिल्यांदा कळले.

पुढे वस्तीतल्या आशाताईंनी तिला विचारले, “दिवसातनं किती वेळा लावता?” आवाजात दोष नव्हता, म्हणून खरे उत्तर मिळाले. चार घरची धुणीभांडी उपाशीपोटी होत, भूक मारायला मशेरी लागे. आशाताईंनी सकाळी आधी भाकरी, मग काम, असे तिच्याकडून आणि माझ्या भावाकडूनही कबूल करून घेतले. मशेरी पाचावरून एकावर आली, मग सुटली. दुसरे बाळ अडीच किलोचे झाले. त्याचे सगळे श्रेय मशेरी सुटण्याला देण्याइतकी मी भोळी नाही. भाकरीचाही त्यात वाटा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी काय करावे, तर तीन गोष्टी. गरोदर बाईला काय घेतेस हे एकांतात, दोष न देता विचारावे, आणि सांगितलेले वस्तीत फुटू देऊ नये. बाळ थरथरत असेल तर ‘आईची करणी’ म्हणून घरात दडवू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे आणि आईला बाळापाशी राहू द्या असा आग्रह धरावा. तिसरे, तिच्या पोटाची आणि रजेची मागणी लावून धरावी. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. धुणीभांडी करणारीला आणि ऊसतोडीला जाणारीला त्यातला एक दिवसही पोचत नाही. १९२८ ची ती मागणी त्यांच्यापुरती अजून पुरी व्हायची आहे.

हा लेख लिहिताना आजीला मी एवढेच सांगितले, की तुझ्या भावंडांचे मरण तुझ्या आईच्या एकटीच्या हातून झाले नाही. भोंगाही त्यात होता. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे तिला सांगायला पाहिजे होतं.”