गाउट : दोन झटक्यांमधले दिवस

गाउट हा सांध्यांत यूरेटचे स्फटिक साचल्यामुळे होणारा संधिवात आहे. संधिवाताचे प्रकार शंभराहून अधिक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे मूळ कारण अजून पुरते उलगडलेले नाही. गाउटचे कारण मात्र माहीत आहे, ते रक्तात मोजता येते आणि औषधाने दूरही करता येते. असे असूनही वर्षानुवर्षे तोच अंगठा, तोच घोटा धरून बसणाऱ्या रुग्णांची संख्या कमी नाही. उपचार झटक्यापुरता होतो आणि दुखणे ओसरले की बंद पडतो. रोग मात्र वाढतो तो झटका नसतानाच.

प्रत्येक पेशीत प्युरीन नावाची द्रव्ये असतात. जुन्या पेशी मोडल्या की ती सुटी होतात. अन्नातूनही त्यांचा काही भाग येतो. माणसात त्यांच्या विघटनाची शेवटची पायरी म्हणजे यूरिक ॲसिड. गाय, उंदीर अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज हे विकर त्याचेही रूपांतर सहज विरघळणाऱ्या पदार्थात करते. माणसाच्या पूर्वजांमध्ये या विकराचे जनुक लाखो वर्षांपूर्वीच निकामी झाले. त्यामुळे माणसाला यूरिक ॲसिड आहे तसेच बाहेर टाकावे लागते : सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडांतून, उरलेले आतड्यांतून. गाउटच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत ते जास्त तयार होत नसते, तर मूत्रपिंडांकडून कमी बाहेर पडत असते आणि या निचऱ्याचा वेग बराचसा आनुवंशिक असतो. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या, युरोपीय वंशाच्या सोळा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणात यूरिक ॲसिडमधील व्यक्तिपरत्वे फरकाचा सुमारे २४ टक्के भाग जनुकांशी निगडित आढळला, आहाराच्या एकूण पद्धतीचा वाटा एक टक्क्याहूनही कमी निघाला. ‘खाण्यावर ताबा नाही म्हणून झाले’ हा नातेवाइकांचा शेरा त्यामुळे बव्हंशी अन्यायाचा ठरतो.

शरीराच्या नेहमीच्या तापमानाला रक्तात डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम यूरेट विरघळून राहू शकते. प्रमाण त्यापुढे गेले की स्फटिक धरण्याची शक्यता निर्माण होते. घट्ट पाक निवला की भांड्याच्या कडेला साखर धरते, तशी यूरेटची विद्राव्यताही थंडाव्यात घटते. हृदयापासून दूर आणि शरीराच्या मानाने थंड असलेल्या पायाच्या अंगठ्याला पहिला मान मिळतो, त्यामागे हे एक कारण आहे. मात्र यूरिक ॲसिड वाढलेल्या बहुसंख्य लोकांना गाउट कधीच होत नाही. तपासणीच्या पॅकेजमध्ये ७.४ हा आकडा आला, टाच दुखते आहे, म्हणून गोळी सुरू केली, असा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. त्याला शास्त्रीय आधार नाही. लक्षणे नसताना केवळ आकड्यासाठी औषध देऊ नये, असेच बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो. सांध्यातील स्फटिकांवर रोगप्रतिकारक पेशी तुटून पडतात, इंटरल्यूकिन-१ सारखी दाहकारक द्रव्ये सुटतात आणि काही तासांत सांधा लालबुंद, गरम आणि सुजलेला होतो. अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही. इंग्रज वैद्य थॉमस सिडनहॅम याने १६८३ मध्ये या वेदनेचे केलेले वर्णन आजही दाखल्यादाखल दिले जाते. तो स्वतःच या रोगाने पीडित होता. उपचार केला नाही तरी झटका आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप शमतो आणि घोटाळा होतो तो इथेच. त्या दिवसांत जे काही घेतले असेल, काढा, लेप, ताईत, त्याला श्रेय मिळते. पुढे झटक्यांमधले अंतर कमी होत जाते, गुडघा, मनगट, बोटे गुंतत जातात आणि कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांच्या पेरांवर खडूसारख्या पांढऱ्या द्रव्याच्या गाठी दिसू लागतात. त्यांना टोफाय म्हणतात. काहींना मूतखडेही होतात. हा रोग पुरुषांत अधिक आढळतो. इस्ट्रोजेन यूरिक ॲसिडच्या निचऱ्याला मदत करत असल्याने स्त्रियांना तो सहसा रजोनिवृत्तीनंतर गाठतो. हे निरीक्षण हिप्पोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांतही आहे.

निदानाचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे सुईने सांध्यातील पाणी काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. सुईसारखे यूरेटचे स्फटिक त्यात ओळखता येतात. ही पद्धत मॅकार्टी आणि होलंडर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ मध्ये मांडली. रक्ततपासणी इथे फसवू शकते, कारण ऐन झटक्यात यूरिक ॲसिडचा आकडा नॉर्मल येणे नवलाचे नाही. म्हणून झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. सुजलेल्या सांध्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर मात्र सांध्यात पू झाल्याची शंका आधी दूर करावी लागते. जुना गाउट आहे म्हणून जंतुसंसर्ग होणार नाही, असे नसते.

झटक्यावरचे औषध जितके लवकर, तितके ते गुणकारी. शक्यतो पहिल्या चोवीस तासांत. नेप्रोक्सेन किंवा एटोरिकॉक्सिबसारखी दाहशामके, कोल्चिसिन आणि स्टेरॉइड हे तीन पर्याय जवळपास तुल्यबळ आहेत. निवड रुग्णाच्या इतर आजारांवर ठरते : मूत्रपिंडे दुबळी असतील तर दाहशामके टाळतात, मधुमेह असेल तर स्टेरॉइड जपून देतात. कोल्चिसिन हे यांतले सर्वांत जुने. युरोपातील कोल्चिकम या वनस्पतीचा सांधेदुखीसाठी वापर सहाव्या शतकापासून नोंदलेला आहे. तेच द्रव्य आपल्याकडच्या कळलावीत असते आणि तमिळनाडूत त्यासाठी तिच्या बियांचे पीक घेतात. पण कळलावीचा कंद घरी उगाळून घेणे म्हणजे विषाशी खेळ, त्याने मृत्यू ओढवलेले आहेत. औषधाच्या गोळीतही उपयुक्त आणि घातक मात्रेत फार अंतर नसते. पूर्वी जुलाब लागेपर्यंत तासातासाला गोळी देत. कमी मात्राही तितकीच परिणामकारक ठरते आणि त्रास खूपच कमी होतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही प्रतिजैविकांबरोबर कोल्चिसिन धोक्याचे ठरते. सांध्याला विश्रांती आणि कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक यांनी आराम पडतो. घरात सवयीने दिला जाणारा गरम शेक अशा वेळी सहसा सोसत नाही.

मेडिकलच्या दुकानातून दर वेळी परस्पर वेदनाशामक आणून वेळ मारून नेणे हा सर्वांत महाग उपाय. त्या गोळ्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, तशी ती झाली की यूरिक ॲसिडचा निचरा आणखी मंदावतो. एका रात्रीत सांधे मोकळे करणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तावर स्वतंत्र अध्याय असून त्यातली काही लक्षणे गाउटशी जुळतात. परंतु वातरक्त म्हणजे गाउटच, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. आयुर्वेदिक औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगणे आणि यूरिक ॲसिड मोजत राहणे, एवढे तरी व्हायलाच हवे.

वर्षातून दोन किंवा अधिक झटके येत असतील, टोफाय दिसत असतील किंवा क्ष-किरण चित्रात सांध्याची झीज आढळली असेल, तर यूरिक ॲसिड कमी करणारे नियमित औषध लागते. मूतखडे किंवा मूत्रपिंडांचा जुना विकार असल्यास ते पहिल्या झटक्यानंतरही सुरू करतात. पहिली पसंती ॲलोप्युरिनॉलला. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले, अमेरिकेत १९६६ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि दोघांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. यूरिक ॲसिड तयार करणाऱ्या विकरालाच ते अडवते. सुरुवात १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने करून, दर काही आठवड्यांनी रक्त तपासत, आकडा ६ च्या खाली जाईपर्यंत मात्रा वाढवायची असते. टोफाय असतील तर काही तज्ज्ञ ५ चे लक्ष्य धरतात. प्रत्यक्षात अनेकांची चिठ्ठी १०० मिलिग्रॅमवरच वर्षानुवर्षे थांबलेली असते. गोळी चालू, झटकेही चालू, आणि दोष औषधाला. अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर मात्र गोळी तात्काळ थांबवून डॉक्टर गाठावा. ही प्रतिक्रिया विरळा असली तरी जीवघेणी ठरू शकते आणि तिचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. ॲलोप्युरिनॉल सोसत नसेल तर फेबुक्सोस्टॅट हा पर्याय आहे. हृदयविकार असलेल्यांनी त्याविषयी सल्ला घ्यावा.

बहुतेक रुग्ण उपचार सोडतात ते पहिल्या काही महिन्यांतच. रक्तातील यूरेट उतरू लागले की साचलेले स्फटिक सुटू लागतात आणि त्या हालचालीनेच नवा झटका येतो. रुग्णाला वाटते, गोळीनेच दुखणे वाढवले. ते एका अर्थी खरेही असते, पण स्फटिक विरघळत असल्याची ती खूण आहे. म्हणून सुरुवातीचे तीन ते सहा महिने कमी मात्रेचे कोल्चिसिन जोडीला देतात. मधे झटका आलाच तर मुख्य गोळी न थांबवता त्यावर वेगळा उपचार करतात. हे आधी समजावून सांगितले तर काय फरक पडतो, हे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे ५१७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. एका गटाला प्रशिक्षित परिचारिकांनी रोगाची पूर्ण माहिती दिली, शंका ऐकून घेतल्या आणि मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवली. दुसऱ्या गटाला नेहमीची डॉक्टरी सेवा मिळाली. दोन वर्षांनी पहिल्या गटातील ९५ टक्के रुग्ण लक्ष्याच्या आत होते, दुसऱ्यातील ३० टक्के. औषध नवे नव्हते. वेळ देऊन बोलणारे माणूस तेवढे नवे होते.

पथ्याचा भाग आता. काटेकोर पथ्याने यूरिक ॲसिड साधारण एक मिलिग्रॅमने उतरते. आकडा ९ असेल तर तेवढ्याने काम भागणार नाही, हे उघड आहे. तरी काही पदार्थ झटक्याला निमित्त होतात. कलेजी, गुर्दा, भेजा यांत प्युरीन भरपूर असते. तारली, बांगडा, मांदेली आणि सुकट किंवा जवळ्यासारख्या सुक्या मासळीतही ते खूप. कोकणी-गोवेकरी घरात मासळी बंद करा असे सांगणे व्यर्थच. प्रमाण आणि वारंवारता कमी करणे जमण्यासारखे आहे. डाळी-उसळी, पालक, फुलकोबी आणि मशरूम यांवर मात्र विनाकारण बंदी येते. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या, सत्तेचाळीस हजार पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीत मांस आणि मासळीने धोका वाढलेला दिसला. प्युरीनयुक्त भाज्या-कडधान्यांनी तो वाढला नाही, दुधाच्या पदार्थांनी उलट कमी झाला. शाकाहारी माणसाचे वरण बंद केले तर त्याचे हक्काचे प्रथिनच जाते. साय काढलेल्या दुधाचे ताक-दही हे इथे चांगले सोबती.

मद्यात सर्वांत वाईट बिअर, कारण अल्कोहोलबरोबर तिच्यात प्युरीनही असते. व्हिस्की-रमही निर्दोष नाहीत. फ्रुक्टोजकडे फारसे कोणी पाहत नाही. यकृतात त्याचे विघटन होताना यूरिक ॲसिड तयार होते, त्यामुळे बाटलीबंद शीतपेये आणि पाकीटबंद रस मद्य न पिणाऱ्यालाही गोत्यात आणू शकतात. वजन हळूहळू उतरवल्याने निश्चित लाभ होतो. एकदम उपाशी राहण्याने उलटे घडते : चरबी जळताना तयार होणारी कीटोन द्रव्ये मूत्रपिंडात यूरेटच्या निचऱ्याला आडवी येतात. नवरात्राचे कडक उपवास, उन्हाळ्यात घाम जाऊनही पाणी न पिणे, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस हे झटक्याचे ठरलेले मुहूर्त.

इतर औषधांची यादीही तपासून घ्यावी लागते. रक्तदाबावरच्या थायझाइड गोळ्या, लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड आणि कमी मात्रेचे ॲस्पिरिन यूरिक ॲसिड वाढवतात. लोसार्टन ते किंचित उतरवते. क्षयावरच्या पायराझिनामाइडने तर आकडा हमखास चढतो. यांतले कोणतेही औषध रुग्णाने स्वतःहून बंद करायचे नसते. हृदयासाठीचे ॲस्पिरिन किंवा क्षयाच्या गोळ्या थांबवण्याचा धोका गाउटपेक्षा मोठा आहे. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा आणि मूत्रपिंडविकार हे गाउटचे नेहमीचे सोबती असल्याने त्यांची तपासणीही याच भेटीत उरकता येते.

आकडा सातत्याने ६ च्या खाली राहिला की झटके विरळ होत थांबतात. त्याला वर्ष-दीड वर्ष लागू शकते. टोफाय महिनोन्‌महिने, कधी काही वर्षे घेत विरघळतात. शस्त्रक्रियेची पाळी क्वचितच येते. गोळी बंद केली तर बहुतेकांचे यूरिक ॲसिड काही आठवड्यांत पूर्वपदावर जाते आणि स्फटिक पुन्हा धरू लागतात, मग पुढचा झटका यायला भले वर्ष-दोन वर्षे लागोत. म्हणून हे औषध सहसा दीर्घकाळ, अनेकदा आयुष्यभर चालते. एकदा मात्रा ठरली की दर सहा महिन्यांनी यूरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन तपासणे पुरते.