साथ, खाट आणि मरणाचा हक्क

कामगारांच्या सभांतून आम्ही जन्मभर जगण्याच्या हक्काविषयी बोलत आलो. आज मरणाच्या हक्काविषयी बोलावयाचे आहे. विषय अभद्र वाटेल; परंतु २०२० व २०२१ सालच्या कोरोनाच्या साथीने तो आपल्या उंबऱ्याशी आणून ठेवला.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. डॉक्टरने औषध टोचून रुग्णाचा जीव घेणे, मग ते त्याच्या विनवणीवरून का असेना, आपल्याकडे गुन्हाच आहे. बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवून मरणाला आपल्या वाटेने येऊ देणे, ही गोष्ट निराळी. ती ठरलेल्या रीतीने केल्यास कायद्याला मान्य आहे.

हा फरक देशाला कळला तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्या दुर्दैवामुळे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढे १८ मे २०१५ पर्यंत त्या खाटेला खिळून राहिल्या. पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी केलेला दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. उपचार थांबविण्याचे तत्त्व मात्र त्याच निकालात मान्य झाले. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला होता. पुढे खाट मोकळी करण्यासाठी अरुणाताईंना हलविण्याचे घाटले, तेव्हाही त्याच आडव्या उभ्या राहिल्या.

ही खाटच आमच्या विषयाचे मर्म आहे. ‘रुग्णाला काय हवे?’ हा एक प्रश्न आणि ‘खाट कोणाला द्यावी?’ हा दुसरा. साथीत खाटा, प्राणवायू, माणसे सारेच अपुरे पडते आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या नावावर खपून जाण्याचा धोका उभा राहतो. टंचाईच्या दडपणाखाली दिलेली संमती ही संमती नव्हे. हे वेठबिगारीचा इतिहास जाणणाऱ्यांना आम्ही सांगावयास नको.

उलट, ज्याची इच्छा खरी होती त्याचीही वाट साथीने अडविली. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्यास मुभा दिली. पण त्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. अंमलापूर्वी रुग्णालयाचे मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले मंडळ, शेवटी दंडाधिकाऱ्याची रुग्णास भेट! जेथे पोटच्या मुलाला वॉर्डात प्रवेश नव्हता, तेथे दंडाधिकारी कसा पोहोचणार? परदेशांतही हेच घडले. हॉलंडात २००२ पासून कायदा असूनही तेथील दयामरणाच्या खास केंद्राने मार्च २०२० मध्ये काम बहुतांशी थांबविले.

२०२१ च्या उन्हाळ्यात आमचा एक जुना सहकारी रुग्णालयात होता. मुलगा मुंबईत. डॉक्टरांनी फोनवर विचारले, “घशात नळी घालू का?” बापाची इच्छा काय, हे मुलाला ठाऊक नव्हते, बापलेकांत तो विषय कधी निघालाच नव्हता. त्याने होकार दिला. चौथ्या दिवशी बाप गेला. आपण चुकलो की काय, असे तो मुलगा अजून आम्हांला विचारतो. त्याला आम्ही काय उत्तर द्यावे?

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही रीत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. दोन्ही वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावयाचे असते आणि दंडाधिकाऱ्याला केवळ कळवावे लागते. शेजारच्या गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी स्वतःचे असे इच्छापत्र नोंदविले.

सज्ञान व शुद्धीवर असलेल्या कोणालाही हे करता येते. कोणते उपचार नकोत, आपण बोलू न शकल्यास निर्णय कोणी घ्यावा, हे स्पष्ट लिहावे. एक प्रत घरच्यांना, एक आपल्या डॉक्टरांना द्यावी. मत बदलले तर तो कागद केव्हाही रद्द करता येतो. ज्याला शेवटपर्यंत उपचार हवे असतील, त्यानेही ते घरच्यांना सांगून ठेवावे. तोही हक्कच आहे.

मोती तलावाच्या काठाने घरी जाताना सोबतीच्या माणसाशी हा विषय काढा. पुढची साथ येईल तेव्हा बोलावयास सवड मिळेलच असे नाही.