पॅरामीटर फाइलमधल्या जोड्या ऑब्जेक्टमध्ये भरताना

सिम्युलेशनचा कोड लिहून होतो, पण त्यातले आकडे रोज बदलत राहतात. तापमान, घर्षण, टाइम-स्टेप हे सगळं म्हणून वेगळ्या फाइलमध्ये नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी ठेवतात, आणि प्रोग्राम सुरू झाला की त्या जोड्या मॉडेलच्या ऑब्जेक्टमध्ये भरतात. पायथनमध्ये हे दोन ओळींचं काम आहे: एक फॉर-लूप आणि त्यात सेटअ‍ॅट्र. दोनच ओळी असल्यामुळे त्या कोणी तपासत नाही. संशोधनाच्या कोडमध्ये मला सर्वांत जास्त काळजी याच ओळींची वाटते, कारण इथे चूक झाली तरी प्रोग्राम सहसा थांबत नाही. तो चुकीचं उत्तर देऊन मोकळा होतो.

गैरसमज: नाव चुकलं तर पायथन सांगेल.

नाही सांगत. लंबकाच्या मॉडेलमध्ये ‘डॅम्पिंग’ नावाचा गुणधर्म आहे आणि त्याचं मूळ मूल्य शून्य आहे, असं धरा. फाइलमध्ये कोणी स्पेलिंगात एक अक्षर जास्त टाकून ०.०५ लिहिलं. सेटअ‍ॅट्र त्या चुकीच्या नावाचा नवाच गुणधर्म तयार करतो. खरा डॅम्पिंग शून्यच राहतो, लंबक कायम झुलत राहतो, आलेखही नीटनेटका येतो. लेखात मात्र ०.०५ छापलं जातं.

फाइल आयएनआय प्रकारची असेल तर आणखी एक खाच आहे. पायथनचा कॉन्फिगपार्सर सगळी नावं आपण होऊन स्मॉल अक्षरांत बदलतो. भौतिकशास्त्रात कॅपिटल टी म्हणजे तापमान, स्मॉल टी म्हणजे वेळ. दोन्ही एकाच विभागात असतील तर निदान नाव दोनदा आल्याची एरर येते. पण फक्त तापमान दिलं असेल तर तो आकडा थेट वेळेच्या नावावर जमा होतो. पार्सरच्या ‘ऑप्शन-एक्स-फॉर्म’ला ‘एसटीआर’ दिलं की नावं जशीच्या तशी राहतात.

यावर अनेक जण हॅजअ‍ॅट्रने आधी नाव तपासतात. त्याने स्पेलिंगच्या बहुतेक चुका सापडतात, पण हॅजअ‍ॅट्रला मेथडचं नावही चालतं. फाइलमध्ये ‘रन’ नावाची जोडी आली तर मॉडेलची रन मेथड झाकली जाते आणि तिच्या जागी एक आकडा बसतो. बदलायला परवानगी असलेल्या नावांची यादी स्वतः ठेवणं हाच भरवशाचा उपाय. डेटाक्लास वापरला तर ही यादी ‘फील्ड्स’ या फंक्शनमधून आयती मिळते. मॅटप्लॉटलिब या बाबतीत कडक आहे आणि ते मला पटतं. आलेखातल्या रेषेला ‘सेट’मधून अनोळखी गुणधर्म दिला की ती एरर देते.

गैरसमज: डंडर-डिक्टवर अपडेट मारलं काय, सेटअ‍ॅट्र वापरलं काय, एकच.

सेटअ‍ॅट्र प्रॉपर्टीच्या सेटरमधून जातो, म्हणजे ‘वस्तुमान ऋण नको’ असली तपासणी चालते. डंडर-डिक्ट या ऑब्जेक्टच्या डिक्शनरीत थेट लिहिलं की सेटरला वळसा पडतो. शिवाय वाचताना पायथन आधी प्रॉपर्टीच पाहतो. त्यामुळे डिक्शनरीत नवं मूल्य दिसतं, मॉडेल मात्र जुनंच वापरतं.

गैरसमज: फाइलमध्ये आकडा लिहिला म्हणजे आकडाच वाचला जातो.

कॉन्फिगपार्सर प्रत्येक मूल्य मजकूर म्हणूनच देतो. घर्षण बंद ठेवायला ‘फॉल्स’ लिहिलं तरी तो रिकामा नसलेला मजकूर आहे, आणि रिकामा नसलेला मजकूर पायथनच्या इफमध्ये खरा ठरतो. घर्षण चालूच राहतं. यासाठी ‘गेटबूलियन’ आहे, ते वापरावं. पायवायएएमएलमध्ये ‘१ई-३’ असं लिहिलेलं ०.००१ मजकूर म्हणून येतं, कारण त्याला दशांश चिन्ह लागतं. ‘१.०ई-३’ लिहिलं की आकडा मिळतो.

गैरसमज: एक गुणधर्म बदलला की त्यावर अवलंबून असलेलं सगळं बदलतं.

बहुतेक कोडमध्ये टाइम-स्टेपवरून पायऱ्यांची संख्या कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच काढलेली असते. नंतर टाइम-स्टेप निम्मी केली तर पायऱ्या तेवढ्याच राहतात आणि सिम्युलेशन ठरलेल्या काळाच्या निम्म्यावरच संपतं. सायकिट-लर्नचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तिथे ‘सेट-पॅराम्स’ने रिज मॉडेलचा अल्फा बदलता येतो, पण ‘फिट’ पुन्हा चालवेपर्यंत ‘प्रेडिक्ट’ जुन्याच गुणकांवर उत्तर देतं. मूल्याची तपासणीही तिथे फिटमध्येच होते, कारण सेट-पॅराम्स कन्स्ट्रक्टर पुन्हा चालवत नाही. स्वतःच्या मॉडेलमध्ये अशा अवलंबून राशी साठवूच नयेत, प्रॉपर्टी करून मागतील तेव्हा काढाव्यात.

गैरसमज: जोड्यांचा क्रम कसाही असला तरी चालतो.

एखाद्या ग्रिडची हद्द ० ते १० आहे आणि ‘किमान हे कमालपेक्षा लहान हवं’ असं सेटर तपासतो. आता हद्द २० ते ३० करायची आहे. कमाल आधी आलं तर सगळं सुरळीत. किमान आधी आलं तर २० हे १० पेक्षा मोठं म्हणून एरर येते, आणि तोवर भरलेल्या जोड्या ऑब्जेक्टमध्ये तशाच राहतात. ती एरर पकडून कोणी पुढे गेलं तर मॉडेल अर्धं जुनं, अर्धं नवं. म्हणून जुना ऑब्जेक्ट बदलत बसण्यापेक्षा डेटाक्लासच्या ‘रिप्लेस’ने नवा बनवावा. सगळी मूल्यं एकदम जातात, पोस्ट-इनिटमधली तपासणी पुन्हा चालते, आणि काही बिनसलं तर जुना ऑब्जेक्ट शाबूत असतो.

गैरसमज: मॅटलॅबमध्येही हे असंच चालतं.

मॅटलॅबमध्ये क्लास हँडलपासून बनवला नसेल तर तो व्हॅल्यू क्लास असतो. फंक्शनमध्ये त्याचा गुणधर्म बदलला तर बदल त्याच्या कॉपीमध्ये होतो. तो ऑब्जेक्ट परत देऊन पुन्हा त्याच नावात ठेवला नाही, तर बदल हरवतो. ‘सेटगेट’ मिक्सिन घेतलेल्या क्लासमध्ये नाव अर्धवट दिलं तरी जुळवून घेतलं जातं. ते नको असेल तर ‘सेटगेट-एक्झॅक्ट-नेम्स’ आहे. हँडल क्लासची अडचण व्हॅल्यू क्लासच्या उलट: वेगवेगळ्या तापमानांसाठी तोच ऑब्जेक्ट लूपमध्ये बदलून यादीत साठवत गेलात, तर शेवटी यादीतल्या प्रत्येक जागी शेवटचंच तापमान सापडतं. पायथनच्या लिस्टमध्येही नेमकं हेच घडतं.